‘आज छान राहिला’ एवढ्यावर भागत नाही

पाळणाघराच्या दारात सकाळी जेमतेम दोन मिनिटं मिळतात. मूल रडतंय, कामाला उशीर होतोय, मागे आणखी दोघं उभे आहेत. अशा वेळी तोंडी सांगितलेलं हमखास हरवतं, आणि त्यात ताईंचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. सकाळी मूल घेणारी ताई दुपारी बहुधा दुसऱ्या गटावर असते. ‘सात वाजता औषध दिलंय’ हा निरोप दोन ताईंकडून फिरून येईपर्यंत ‘औषध दिलंय’ एवढाच उरतो.

तापाच्या औषधात तर वेळच महत्त्वाची. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर हवं आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. सकाळी सातला दिलेल्या डोसाचा असर अकरा-बाराला ओसरतो आणि ताप पुन्हा चढतो. आधीचा डोस ताईंना माहीतच नसेल, तर त्यांना हा ताप नुकताच आलाय असं वाटतं. ‘सांगितलं तर मुलाला परत पाठवतील’ या भीतीने बरेच पालक गप्प बसतात. ती अडचण खरी आहे, पण लपवण्याची किंमत मूल मोजतं.

नुसतं ‘5 मिली’ लिहूनही चालत नाही. हे सिरप 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम अशा ताकदीचं मिळतं, तसंच 250 मिलिग्रॅमचंही. बाटली बदलली की त्याच मापात डोस दुपटीहून जास्त होतो. म्हणून औषध मूळ बाटलीतच द्या आणि चिठ्ठीवर नाव, ताकद, मिली, शेवटच्या डोसाची वेळ व सही असू द्या.

संध्याकाळच्या नोंदीतही विशेषणं नकोत, आकडे हवेत. ‘नीट झोपला नाही’ यातून काहीच कळत नाही. ‘12:40 ते 1:05 झोप, मग रडत उठला, जेवण अर्धी वाटी, ओले डायपर 2, शेवटचं 11 वाजता’ हे वाचलं की आई-बाबांना कळतं, आज लवकर निजवायचं आणि पाणी-दूध किती घेतोय ते बघायचं. तान्ह्या बाळाचे दिवसरात्र मिळून साधारण सहा ओले डायपर व्हायला हवेत. दुपारचा आकडा माहीत नसेल तर हा हिशेब लागणार कसा?

डोक्याला मार लागला तर संध्याकाळची वाट न बघता लगेच फोन करायचा, कारण उलटी किंवा न उतरणारी गुंगी काही तासांनीही सुरू होऊ शकते. किती वाजता, किती उंचीवरून, कशावर पडलं, लगेच रडलं की क्षणभर गप्प झालं, हे सगळं त्याच वेळी लिहून ठेवावं.

चावण्याचे प्रसंग एक ते तीन वर्षांच्या गटात होतातच. चावणाऱ्या मुलाचं नाव ताई सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पालकांनी त्यासाठी अडून बसू नये. विचारायचं ते हे: त्वचा फुटली का, साबण-पाण्याने धुतलं का, त्याआधी काय चाललं होतं? तीन नोंदी शेजारी ठेवल्या की कधीकधी दिसतं, तिन्ही वेळा जेवणाआधी एकाच खेळण्याभोवती गर्दी होती. मग एक खेळणं वाढवायचं किंवा जेवण दहा मिनिटं अलीकडे घ्यायचं.

अशा गोष्टी दारात, इतर पालकांदेखत बोलू नयेत. पंधरा मिनिटांची वेळ ठरवा आणि मूल जवळ नको. दीड वर्षाच्या मुलालाही आपल्याबद्दल काहीतरी बोलणं चाललंय हे कळतं.

न्यायला नवीन माणूस येणार असेल तर ताईंनी पालकांना नोंदवहीतल्या जुन्या नंबरवरच फोन लावून खात्री करावी. निरोप ज्या नंबरवरून आला, त्यावर नाही.

आणि पहिल्याच दिवशी एका कागदावर मुलाचे शब्द लिहून द्या: पाण्याला काय म्हणतो, शू लागली की काय म्हणतो, झोपताना मागतो त्या दुपट्याचं नाव काय. ‘मम’ म्हणजे पाणी हे माहीत नसेल तर ताई वाटी पुढे करत राहतात आणि मूल तहानलेलंच रडत राहतं.