नग दोन

बार्शीच्या सराफ गल्लीत आमचं गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून त्यातलं हीण काढणं. मूळ गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. दुष्काळी पट्टा, त्यामुळं आमच्या भावकीतली माणसं केरळपासून बंगालपर्यंत कुठल्या ना कुठल्या गल्लीत मुशीसमोर, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यासमोर, बसलेली सापडतील. जत्रेला गावी गेलो की लोक ‘शेठ’ म्हणतात. तेजाबाच्या वासात, काळ्या पडलेल्या बोटांनी बसलेला शेठ त्यांनी बघितलेला नसतो, हे बरंच आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या पुढं गेला होता. ज्यांच्या ट्रंकेत आजीचा एखादा चांदीचा रुपया पडून होता, तेसुद्धा भाव विचारायला येत होते. अशा गर्दीत साधारण साठीचे एक गृहस्थ आले. शाळेत शिपाई होते, नुकतेच निवृत्त झालेले. रुमालाची गाठ सोडून दोन रुपये माझ्यापुढं ठेवले.

“शेठ, विकायचे न्हाईत. खरे हायत का तेवढं सांगा.”

एक १८६२चा, राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा. दुसरा १९१८चा, पंचम जॉर्जचा. राणीछाप फरशीवर टाकला. खणखणीत. त्याचा आवाज संपता संपत नाही, कानात थोडा वेळ रेंगाळतो. दुसराही तसाच. काट्यावर ११.६० आणि ११.६२ ग्रॅम. हा रुपया मुळात एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आमच्याकडं ‘रुपयाभार’ हा शब्दच त्यावरून आलाय. शंभर-दीडशे वर्षं हातोहात फिरून चार-सहा सेंटिग्रॅम झिजला तर ते खरेपणाचंच लक्षण. कडेच्या रेघा सगळीकडं सारख्या, कुठं सांधा नाही. कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब टाकला. बारा भागांत अकरा भाग चांदी असायला हवी, तसाच कस आला.

“खरे आहेत,” मी म्हणालो.

“काय द्यायचं?”

“दोन नाण्यांचं काय घ्यायचं, मामा. जावा.”

पैसे घेतले असते तर चिठ्ठी द्यावी लागली असती. चिठ्ठीवर तारीख, नग, वजन लिहावं लागलं असतं. ते काही झालं नाही. मामा माझा एक शब्द तेवढा घेऊन गेले.

वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, दुपारी दुकान जरा मोकळं होतं. मामा परत आले, बरोबर भाचा होता. मोटारसायकलच्या डिकीतून त्यानं एक जड पिशवी आणली आणि मामांनी ती माझ्या काउंटरवर उपडी केली.

या धंद्यात माणूस कानानं आधी बघतो. एकशे साठ रुपये एकमेकांवर पडले आणि आवाज आला तो खिळ्यामोळ्यांची पिशवी ओतल्यासारखा, बद्द. माझ्या पोटात गोळा आला. मामांच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं. ते म्हणाले, “आता विकायचेत.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एक जेसीबीवाला भेटला होता. कुठल्या तरी गावात जुना वाडा पाडताना भिंतीत हंडा सापडला म्हणाला. मालकाला पत्ता नाही, वाटणीत भांडणं होतील, झटपट मोकळं व्हायचंय. नगाला साडेसातशे. “आमच्यावर इस्वास ठेवू नका,” हे तोच म्हणाला होता, “दोन घेऊन जावा, पाहिजे त्या सराफाला दाखवा.” मामांनी ते दोन माझ्याकडं आणले होते. एका खऱ्या रुपयात साडेदहा ग्रॅमच्या वर चांदी असते. त्या दिवसांच्या भावानं नुसत्या धातूचेच सोळाशेच्या पुढं होत होते. मामांनी हिशोब केला आणि निवृत्तीच्या पैशातले एक लाख वीस हजार मोजले.

म्हणजे त्या टोळीनं माझी परीक्षा फुकटात वापरून घेतली होती. मी खरं तेच सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यावरच तो माणूस बुडाला होता.

मी लगेच काही बोललो नाही. ट्रेमध्ये नाणी पसरली. भाच्याला शंका होतीच. तो म्हणाला, “मामा, मी म्हणलं नव्हतं का? सगळ्यांवर १८६२च कसं?” गंमत अशी, की शंका बरोबर होती आणि कारण चूक. १८६२ हे साल टाकसाळींनी पुढं १८७४पर्यंत तसंच छापलं. त्यामुळं एका घरात १८६२चे पन्नास रुपये निघाले तरी नवल नाही. ज्याला हे ठाऊक नसतं तो खरी नाणी खोटी समजून मातीमोल देऊन टाकतो. असले दोन-तीन लोक मी बघितलेत.

खोट मला दिसली ती दुसरीकडं. भिंगाखाली एक नाणं धरलं. राणीच्या हनुवटीखाली मोहरीएवढा खड्डा. दुसरं धरलं. त्याच जागी तोच खड्डा. तिसरं, चौथं, दहावं. नाणं झिजतं, खरचटतं, पण शंभर नाणी एकाच जागी खरचटत नाहीत. कुणीतरी एका खऱ्या रुपयाचा साचा घेऊन त्यात ही ओतली होती, त्या रुपयाच्या आयुष्यातल्या जखमेसकट. कडेला साचा मिटल्याची बारीक रेघ कानशीनं घासून काढलेली, आणि घासताना तिथले दातेही गेलेले.

काट्यावर ही साडेनऊ ते दहा ग्रॅमच्या मधे भरत होती. पण पिशवीत दुसरीही एक जात होती, तीस-पस्तीस नगांची. ती जास्त हुशारीनं केलेली. वजन बरोबर ११.५८, ११.६१. साच्याची रेघ नाही, ठशानं मारलेली. मात्र पुढच्या बाजूला ‘एम्प्रेस’ आणि मागं साल १८६२. राणी सम्राज्ञी झाल्यावर नाण्यावर ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं ते १८७७पासून. मामा शाळेतले, इंग्रजी अक्षरं लावता येत होती. मी बोट ठेवलं, त्यांनी वाचलं, आणि तिथं पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

तरी म्हणालेच, “पर वजन तर भरतंय की.”

वजन भरतं, कारण नाणं जाड केलेलं. खऱ्या रुपयाशेजारी उभं धरलं की नखाला फरक कळतो. पण नखावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पाण्याचा ग्लास घेतला. काट्यावर ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात बुडवायचं. काटा दाखवतो ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आधी त्यांचाच खरा राणीछाप बुडवला : १.१२. मग जाड्या भावाला बुडवलं : १.३३. तोळाभर वजन तेच, पण जागा जास्त खातोय, म्हणजे आत हलका धातू. जर्मन सिल्व्हर. त्या नावात सिल्व्हर आहे तेवढंच. तांबं, जस्त, निकेल यांचं मिश्रण, चांदी औषधालाही नाही. वर चांदीचा मुलामा.

भाच्यानं खिशातून चुंबक काढलं. त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं. एकही नाणं चिकटलं नाही, तेव्हा मामांना पुन्हा आशा वाटली. चुंबकानं लोखंड, शुद्ध निकेल असलेच धातू पकडले जातात. पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर, शिसं सगळं निसटतं. उलट १९४७चा रुपया चुंबकाला चिकटतो आणि तरी तो सोळा आणे खरा असतो, कारण तो सरकारनंच निकेलचा पाडला. १९४० ते ४५च्या रुपयांचं आणखी वेगळं. वजन तेवढंच, पण चांदी निम्मी. लोक ते राणीछापच्या भावानं मागतात आणि मी निम्मा भाव सांगितला की मला लबाड म्हणतात.

शेवटी मामांना विचारून एका नाण्याला कानशीनं खाच पाडली. वरचा मुलामा गेल्याशिवाय तेजाबाला काही विचारण्यात अर्थ नसतो. कस तपासायच्या यंत्राचंही तेच, त्याची नजर वरच्या पातळ थरापलीकडं जात नाही, जाड मुलामा त्यालाही फसवू शकतो. खाचेत थेंब पडला आणि हिरवा फेस आला. तो थेंब काचेवर घेऊन मिठाचं पाणी घातलं, हिरवं पाणी हिरवंच राहिलं. मग खऱ्या रुपयाच्या कडेचा कणभर कीस तेजाबात विरघळवून त्यात तेच मिठाचं पाणी घातलं. दह्यासारखा पांढरा साका झाला. मामा त्या दोन काचांकडं बराच वेळ बघत बसले. मी चहा मागवला. कुणी प्यायलं नाही.

माझे वडील चांदीची लगड, म्हणजे ओतीव कांडी, घेताना ती मधोमध छिन्नीनं तोडल्याशिवाय घ्यायचे नाहीत. कोपरा कापून टंच, म्हणजे शुद्धता, काढणारे पुष्कळ. कोपरा खरा ठेवून पोटात शिसं भरणारेही पुष्कळ. शिसं चांदीपेक्षा जड, त्यात तांबं बेतानं मिसळलं की वजन-आकारात कळत नाही. मोठा माल असेल तर वडील सगळा मुशीत घालायचे, टाकणखार टाकून पातळ करायचे आणि त्या रसातून नमुना काढायचे. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. लगडीच्या कोपऱ्यावर विश्वास न ठेवणारा मी, दोन नाण्यांचा कोपरा बघून ‘खरे आहेत’ म्हणालो आणि बाकीची कुठं आहेत हे विचारलंसुद्धा नाही.

“पोलिसात जावा,” मी म्हणालो.

मामा घाबरले. हंड्यातला माल घेतला म्हणून आपल्यालाच आत टाकतील, असं त्यांना वाटत होतं. ही भीती त्या जेसीबीवाल्याच्या गोष्टीतच पेरलेली असते. जमिनीत दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, हा १८७८चा कायदा आहे, आणि लोकांना तो अर्धवट ऐकून माहीत असतो. मी म्हटलं, “मामा, हंडाच नव्हता. ही नाणी गेल्या वर्षी-दोन वर्षांत कुठल्यातरी शेडमध्ये झालेली आहेत. तुमचा गुन्हा कसला? तुमची फसवणूक झालीय.” भाच्यानं त्या माणसाचा नंबर लावला. बंद. सकाळपासून बंद होता, असं त्यानं आता सांगितलं.

एकशे साठ नग आम्ही तिघांनी मिळून वेगळे केले. सगळा मिळून तासभर गेला असेल, बाहेर दिवाळीची गिऱ्हाईकं थांबून निघून गेली. खरे निघाले ते आधीचेच दोन. मी पिशवी बांधून दिली आणि सांगितलं की यातलं एकही मोडीत घालू नका, कुणाला देऊ नका, पुरावा आहे.

मामा उठले, परत बसले. पाकिटातून शंभराची नोट काढून काउंटरवर ठेवली.

“तपासणीचे.”

“राहू द्या, मामा.”

“न्हाई, घ्या. आन् चिठ्ठी द्या.”

मी नोट घेतली. पावती पुस्तक काढलं, तारीख घातली. राणीछाप, १८६२, वजन ११.६०, कडेला तपासणीची घासणी. पंचम जॉर्ज, १९१८, वजन ११.६२. खाली सही करणार, तर मामांनी कागदावर बोट ठेवलं.

“हितं लिवा. किती नग ते.”

मी आकड्यात लिहिलं, मग अक्षरात लिहिलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि भाच्याला म्हणाले, “चल, ठाण्याला.”