जरा सरकून घे

दिवस मावळायला आला, की आमच्या इंदूरच्या सिरपूर तलावावर बाभळींवरची भांडणं सुरू होतात. पाणकावळे येतात, ओले पंख झटकून फांदीवर बसतात, तोवर मागून गायबगळ्यांचा थवा उतरतो आणि त्यांना नेमकी तीच फांदी हवी असते. मग चोची, ढकलाढकली, घोगरा कलकलाट. बाजूच्या दोन फांद्या चक्क रिकाम्या. तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

यंदा हिवाळ्यात मुलाकडे दुबईला गेलो, तेव्हा त्यानं हौसेनं अल कुद्राला नेलं. वाळवंटात माणसांनी तयार केलेली तळी. बराच वेळ नुसती वाळू, आणि मग एकदम पाणी! त्यात चक्क काळे हंस. मूळचे ते ऑस्ट्रेलियाचे.

"एवढं पाणी उन्हानं उडून जात नाही का रे?" हिचा पहिला प्रश्न.

"आई, इथं सगळंच आणून ठेवलेलं असतं."

मी हसलो खरा, पण सिरपूर तरी कुठं आपोआप झालंय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांनी बांधलेला तो तलाव. 2022मध्ये त्याचं नाव रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तेव्हा आमच्याकडची मंडळी अशी मिरवली, जणू पाखरं यांनीच घरी पाळली होती. (मीही मिरवलो.)

तळ्याकाठचं एक झाड ओळखीचं वाटलं. बारीक पानं, काटे. मुलगा म्हणाला, हा गाफ, इथला राष्ट्रीय वृक्ष. "अहो, ही तर आपली शमी!" म्हणत हिनं आधी हात जोडले. त्या शमीवर एक राखी बगळा मान आखडून बसला होता. दुसरा आला, शेजारी टेकू लागला आणि पहिल्यानं चोच उगारली. म्हटलं, आलो बुवा घरी.

पाखरं एकत्र का झोपतात, याचं कारण सोपं आहे. डोळे जास्त, म्हणजे शत्रूची चाहूल लवकर. खाली पाणी असलं, की रानमांजराची भीती कमी. त्यातही मधली जागा सगळ्यांत सुरक्षित, म्हणून मारामारी तिच्यासाठी.

हे मला कुणी सांगायला नको होतं. रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात ओळीनं चौदा गाद्या पडत. दिवसभर कितीही तापलं, तरी माळव्यातली रात्र गार. जिन्याकडून भूत येतं असं आत्यानं सांगून ठेवलेलं, त्यामुळे कडेला झोपायला एकही पोर तयार नसे. चिमटे, लाथा, रडारड. शेवटी अंधारातून आजीचा आवाज येई, "अरे, जरा सरकून घे त्याला!"

परवा सिरपूरला सगळी फांदी एकदाची गप्प झाली, तेव्हा 'क्वॉक्' असा आवाज आला. सगळे परतलेले असताना एक रातबगळा उलट्या दिशेनं निघाला होता.

दादांची गिरणीत रात्रपाळी असे. डबा घेऊन निघण्याआधी ते गच्चीवर येत, गाद्यांमधून पाय जपून टाकत शेवटच्या गादीपाशी थांबत आणि चादर नीट करून जात. त्या गादीवर बहुतेक मीच असे, डोळे घट्ट मिटून.