कापूरबावडीचा उत्तर कोरिया

दुपारचे अडीच, कापूरबावडीचा सिग्नल आणि रिक्षात मी. पुढे एक पांढरी गाडी. मागच्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न', खाली नंबर एमएच ०४ एचएम अमुकतमुक.

"उत्तर कोरिया," मी पुटपुटले.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, मानपाडाच म्हणालात ना?"

खोड जुनी आहे. काही लोक नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करतात आणि नऊ आले की खूश होतात. मी मधली दोन अक्षरं वाचते आणि देश सांगते, म्हणजे रेडिओ केंद्रांच्या नावांसाठी, कॉलसाइनसाठी, सुरुवातीची ती अक्षरं ज्या देशाला वाटून दिली आहेत तो देश. जेए ते जेएस जपान, जेटी ते जेव्ही मंगोलिया, एचएस थायलंड, एचझेड सौदी. मध्यंतरी आमच्या सोसायटीत जो तो गाडी म्हणून जपानच घरी आणत होता, मग ती टाटांची का असेना. नवी मुंबईच्या एमएच ४३ ची गंमत निराळी. तिथे बी दिसला की डोळे मिटून चीन म्हणायचं, कारण बी आख्खाच्या आख्खा चीनचा. एच्या रांगेत आधी अमेरिका, मग थोडा स्पेन, मग एपी ते एएस पाकिस्तान आणि त्याला लागून एटी ते एडब्ल्यू आपण. इटली मात्र रस्त्यावर कधीच भेटत नाही. तिचा आय आहे, आणि आपल्याकडे प्लेटवर आय आणि ओ देतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून.

ही विद्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या काकांची. ते हॅम होते, म्हणजे घरच्या रेडिओवरून जगभरच्या हौशींशी बोलणारे. नारळाच्या झाडापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत त्यांची तांब्याची तार गेलेली, तिच्यावर ओळीने कावळे. दिवेलागणीला खिडकीतून आवाज यायचा, "सीक्यू, सीक्यू, व्हिक्टर युनिफॉर्म टू..." म्हणजे कुणीही ऐकत असाल तर बोला, मी व्हीयू२. रविवारी सकाळी त्यांनी संदेश पाठवायची कळ, म्हणजे 'की', दाबली रे दाबली की साऱ्या इमारतीच्या टीव्हीवर आडव्या रेघा. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून वाकून ओरडायच्या, "अहो, तेवढं रामाचं होऊ द्या की!"

जो देश लागेल, म्हणजे ज्याच्याशी बोलणं होईल, त्याचं कार्ड मागाहून पोस्टाने यायचं. बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात ती कार्डं अक्षरांप्रमाणे लावलेली. जपानचा जाडजूड गठ्ठा, रबरबँड लावलेला. मंगोलियाचं एकुलतं एक, त्यावर गोल तंबू, घोडा आणि कोपऱ्यात चहाचा डाग. डाग ठाण्याचा.

"काका, आपल्याला व्ही का? इंडियाचा तर आय ना?"

"आय इटलीने नेला. भारताचा बी म्हणशील, तर त्यावर चीन बसलाय."

कुणीतरी हमखास सांगतं की आपल्या विमानांच्या नंबरातलं व्हीटी म्हणजे 'व्हाइसरॉयची टेरिटरी'. काकांसमोर हे काढायची सोय नव्हती. ते लगेच डबा उघडत. "हे बघ, व्हीई, कॅनडा. हे व्हीके, ऑस्ट्रेलिया. तिथे कुठला आलाय व्हाइसरॉय? अगं, व्ही म्हणजे साहेबाची चाळ. त्यातल्या खोल्या त्याने वाटल्या." १९२७ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत व्हीटी ते व्हीडब्ल्यू आपल्या नावावर लागलं. सिलोनसुद्धा आधी त्याच चाळीत होतं, व्हीएस७ म्हणून. स्वतंत्र झाल्यावर ते ४एस७ झालं. उशिरा आलेल्यांच्या पदरी असे आकडे पडले. नेपाळ ९एन, मालदीव ८क्यू, भूतान ए५, बांगलादेश एस२. आशियाचा नकाशा समोर धरलात तर काही म्हणता काही जुळणार नाही. जुळतं ते एवढंच, पाकिस्तान संपला की आपण सुरू. डब्यात एपीचं कराचीचं कार्ड आणि कुठल्याशा खास कार्यक्रमाचं आपलं एटीचं कार्ड पाठीला पाठ लावून उभी असत. मी ती मुद्दाम लांब ठेवायची, काका मुकाट्याने परत जागेवर लावायचे.

व्हीटी बदला अशी मागणी संसदेतही होऊन गेली. पण बदलून घ्यायचं काय? आय गेला, बी गेला. आमच्या आईला तर स्टेशनचंच अजून जमलेलं नाही. १९९६ साली नाव बदललं, ती आजही इंडिकेटरकडे बघून विचारते, "ही व्हीटी फास्ट का गं?"

काकांना उत्तर कोरिया कधीच लागला नाही. तिथे हौशी माणसाला हवेत बोलू देतच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे जगभरचे हॅम त्याच्यासाठी जीव टाकतात. वहीत एका ओळीवर पेन्सिलने 'एचएम / पी५' लिहिलेलं, पुढे तारीख-वेळेची जागा मोकळी. रात्री दोन-दोन वाजता उठून हेडफोन लावून बसायचे. काकू कूस बदलत म्हणायच्या, "तिकडे कुणी झोपेतसुद्धा बोलत नसेल हो."

हॅम गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. काका गेल्यावरही तार बरीच वर्षं तशीच होती, कावळ्यांसकट. मग रीडेव्हलपमेंट आली आणि इमारत, तार, नारळ सगळं एकदमच गेलं. डबा कुणी नेला ठाऊक नाही. मंगोलिया माझ्याकडे आहे. मागून घेतलेला नाही.

सिग्नल सुटला. उत्तर कोरियाने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळला. आमच्या रिक्षाने कचकन ब्रेक मारला, माझी पिशवी पायात.

"कुठून येतात असली माणसं!" रिक्षावाला म्हणाला.

सांगणार होते. पण म्हटलं जाऊ दे.