आमदारकी संपून पाच वर्षं झाली, थकबाकीचा दाखला मात्र २०२४ ला आडवा आला

काका मूळचे मोंढ्यातले आडत्ये, नंतर कापसाची जिनिंग टाकली. २०१४ ला आमदार झाले, २०१९ ला पडले, एकच टर्म. २०२४ ला अपक्ष उभं राहायचं ठरलं अन् कागदपत्रं माझ्या गळ्यात आली, कारण दुकानाचा हिशोब मीच बघतो.

उमेदवारी अर्जासोबत द्यायचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र जड गेलं नाही. पाच वर्षांचे रिटर्न, काकूंचे, एचयूएफचे (एकत्र हिंदू कुटुंबाचे), सोनं, जमीन, बँकेची सीसी (कॅश क्रेडिटचं कर्ज), सगळं सीएकडं तयार होतं. अडलं ते आमदारकीत मिळालेल्या मुंबईच्या सरकारी खोलीवर. गेल्या १० वर्षांत सरकारी घरात राहिला असाल तर भाडं, लाईट, पाणी, फोन, कशाचीच बाकी नाही असा दाखला लागतो. २०१४ ते १९ म्हणजे सगळी टर्म त्यात बसते.

२४ ऑक्टोबरला, गुरुवारी मुंबईत पोचलो. तिथल्या ऑफिसातले साहेब इलेक्शन ड्यूटीवर, क्लार्क म्हणायला जुनी फाईल रेकॉर्डला आहे, उद्या या. शुक्रवारी फाईल निघाली. चावी परत दिल्याची नोंद होती पण फोनच्या शेवटच्या बिलापुढं नुसती पेन्सिलची रेघ, भरलं का नाही कुणालाच सांगता येईना. मी म्हणलं किती असतील ते आत्ता भरतो, तर म्हणे रक्कम ठरल्याशिवाय चलन निघत नाही अन् रक्कम साहेब ठरवणार. पुढं चौथा शनिवार, मग रविवार. दोन दिवस डोंबिवलीला आत्याकडं पडून, काकांचा तासातासाला फोन. काका कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी म्हणाले, "अरे शेतकऱ्याचं माप झालं की मी त्याच दिवशी हिशोबाची पट्टी हातात देतो, ह्यांना पाच वर्षांत एक कागद देता येईना?" मला रडायला यायचं बाकी होतं. सोमवारी बाकी निघाली ८१२ रुपये! दाखला साडेचारला हातात आला, जिन्यात उजेडात धरून बघितला तर शिक्क्यातली तारीखच उमटली नव्हती, पळत वर जाऊन परत मारून घेतला.

देवगिरी एक्सप्रेसनं रातोरात गावाकडं. मंगळवार २९ तारीख, शेवटचा दिवस, ३ च्या आत फॉर्म द्यायचा. २.२० ला दिला.

ज्यांची टर्म संपायली त्यांनी खोली सोडतानाच हा दाखला घ्या, चावी देऊन निघू नका. अन् हो, प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसलं तर निरंक लिहा. अपक्षाला १० सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) लागतात, त्याच मतदारसंघातले, त्यांचे यादीतले अनुक्रमांक आदल्या रात्री तपासा, आमच्या एकाचा चुकला होता. खर्चाचं वेगळं बँक खातं फॉर्मच्या आधीच काढा.

३० तारखेला छाननीत फॉर्म वैध झाला. मेसेज आला तेव्हा मी दुकानात गादीवर बसल्या बसल्याच झोपलो होतो, काकांनी हलवून उठवलं.