रि-कॉ-नि-सन्स

गेल्या आठवड्यात दुसऱ्या महायुद्धावरच्या एका माहितीपटाला आवाज देत होते. संहितेत एक इंग्रजी उतारा होता आणि त्यात एकच शब्द सात वेळा: reconnaissance, म्हणजे टेहळणी. स्पेलिंग चौदा अक्षरांचं, मधे दोन एन शेजारी शेजारी, पुढे दोन एस. आदल्या रात्री शब्दकोशात बघून ठेवलं होतं: रे, टिंब, कॉन, टिंब, नेस, टिंब, सान्स. तसंच म्हटलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, परत घेऊया. कुठेतरी अडतंय."

अडत होतं त्या टिंबांमुळे. ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा, एवढंच ती सांगतात. म्हणून दोन एनपैकी एक अलीकडे, एक पलीकडे. उच्चार त्याच नोंदीत पुढे वेगळा दिलेला असतो, आणि मी तिथपर्यंत गेलेच नव्हते. बोलताना जोडीतला एकच न उरतो, एकच स उरतो. रि-कॉ-नि-सन्स. जोर सगळा 'कॉ'वर, बाकीचे तीन तुकडे हलके, जवळजवळ गिळलेले. (काही अमेरिकन 'निझन्स' म्हणतात, तेही बरोबरच.) आपल्याला ही सवय नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचं माप मिळतं, म्हणून आपण चारही तुकडे सारखे दाबतो आणि शब्द जड होतो.

क्रियापद तर आणखी वेगळं. रे-क-नॉय-टर (reconnoitre), आणि जोर थेट तिसऱ्या तुकड्यावर! हे क्रियापद इंग्रजीत आधी आलं, जुन्या फ्रेंचमधला 'ओआय' घेऊन. पुढे फ्रेंचांनी स्वतःचं स्पेलिंग बदलून 'एआय' केलं, आणि नाम 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आलं ते शेवटी या नव्या रूपात रुळलं. एकाच घरातले दोन शब्द, पण स्वर वेगळा, जोरही वेगळा. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ 'ओळखणं', आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कृतज्ञता. हे वाचून मी थोडा वेळ थांबलेच.

एवढा लांब शब्द घाईत कोण म्हणणार? अमेरिकी सैनिकांनी त्याचं 'रीकॉन' केलं, ब्रिटिशांनी 'रेकी'. दोन्हींत जोर पहिल्या तुकड्यावर सरकला. बातम्यांत "हल्ल्याआधी परिसराची रेकी केली" असं आपण वाचतो, ती हीच रेकी. जपानी उपचारपद्धतीशी तिचा काही संबंध नाही.

घरी परतताना आपला शब्द म्हणून पाहिला. टेहळणी. लिहिताना चार अक्षरं, म्हणताना मात्र तीनच तुकडे: टे-हळ-णी. 'ळ'मधला अ आपण सोडून देतो, आणि तो सोडायचा हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, कानावर पडून आलं. म्हणून इंग्रजी शब्दासाठीही या वेळी शब्दकोश मिटला आणि उच्चाराची ध्वनिफीत वीसेक वेळा ऐकली. दुसऱ्या दिवशी सातही जागा एका दमात झाल्या.