नडीची नोट

एसटीचा कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटामागे '३७' असा आकडा खरडून देतो. मग उतरेपर्यंत आपला जीव त्या चिटोऱ्यात. परवा नोटा जमवणाऱ्या एका स्नेह्यांकडे १९२३ सालची जर्मन नोट हातात घेतली आणि आधी आठवलं ते हे तिकीट.

नोट एकाच बाजूने छापलेली. वर ना सरकारचं नाव, ना बँकेचं. नाव कारखान्याचं! असल्या पैशाला तिकडे 'नोटगेल्ट' म्हणत. यातलं 'नोट' म्हणजे आपली नोट नव्हे बरं का; जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे नड. नडीचा पैसा.

नड तशीच होती. १९१४ साली डॉलरला ४.२ मार्क, म्हणजे तिथलं चलन, पडत. १९२३च्या जानेवारीत फ्रेंच-बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूर या कोळसापट्ट्यात शिरल्या, निषेध म्हणून तिथलं काम थांबलं आणि बसलेल्या कामगारांचे पगार सरकारने नोटा छापून भागवले. नोव्हेंबरात डॉलर ४.२ लाख कोटींवर. लहानपणी छडीच्या धाकाने 'एकं दहं शतं' घोकलं होतं, त्यातला 'महापद्म' आयुष्यात पहिल्यांदा इथे उपयोगी पडला: चार महापद्म, दोन निखर्व मार्क. तिथल्या मध्यवर्ती बँकेने हजाराच्या जुन्या नोटांवर लाल शाईत 'एक अब्ज' असा आडवा शिक्का मारून त्याही चालवल्या.

एवढं करूनही पगाराच्या दिवशी नोटा पुऱ्या पडेनात. मग एसेनला क्रुप, लेव्हरकुसेनला बायर, लुडविग्सहाफेनला बीएएसएफ, सगळ्या कारखान्यांनी स्वतःच्याच नोटा काढल्या. पगार आठवड्याचा होता तो रोजचा झाला. बायका फाटकाशी उभ्या राहत, नवऱ्याच्या हातातलं पुडकं घेऊन पाववाल्याकडे धूम ठोकत. भाव पुन्हा चढायच्या आत पोचायचं.

मला गंमत वाटली ती मालकाच्या हिशेबाची. कामगाराने घाम आज गाळायचा, मालकाने त्याला आपल्याच नावाचा कागद द्यायचा. तो कागद गावभर फिरून दोन आठवड्यांनी कारखान्याच्या खिडकीशी परत येईपर्यंत त्याची किंमत काडीपेटीएवढीही उरायची नाही. म्हणजे पगार हीच उसनवारी, बिनव्याजी, आणि वर मुद्दलही आपोआप विरघळणारं. नाइलाज खरा होता, मान्य. पण नाइलाजात इतकी सोय क्वचितच असते.

नोव्हेंबरच्या १५ तारखेला रेंटेनमार्क आला. एका नव्या मार्काला जुने एक लाख कोटी. बारा शून्यं एका फटक्यात गेली.

नोट परत देताना उलटी केली. मागची कोरी बाजू कुणीतरी वापरली होती. पेन्सिलीने एकाखाली एक चार आकडे मांडलेले, शून्यं कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, खाली आडवी रेघ. रेघेखाली काही नाही.

"बेरीज राहिली वाटतं," मी म्हटलं.

"जागा संपली असेल," स्नेही म्हणाले आणि नोट पाकिटात सरकवली.