डिकीची कड

इंग्लंडमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा आकडा वर्षातून दोनदा बदलतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. २०२५ च्या सप्टेंबरला '७५' आला आणि महिनाभर नव्या आकड्याच्या गाड्या धुऊन-पुसून किल्ल्या देता देता आमच्या शोरूममधल्या सगळ्यांचा पिट्ट्या पडला. त्यात ३० तारीख, मंगळवार, म्हणजे तिमाहीचा शेवटचा दिवस. लेस्टरच्या या शोरूममध्ये अपंगांसाठीच्या मोटॅबिलिटी योजनेतल्या गाड्या मी बघते. त्यांचं दरपत्रक दर तीन महिन्यांनी नवं येतं. एक ऑक्टोबरला सकाळी कॉम्प्युटर उघडला की कालचे आकडे गेलेले असतात.

ही योजना १९७७ सालची. अपंग माणसाला सरकारकडून हिंडण्याफिरण्यासाठी जो भत्ता मिळतो, तो हातात न घेता योजनेकडे वळवायचा आणि बदल्यात तीन वर्षांसाठी नवी गाडी घ्यायची. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्यातच. तीन वर्षं झाली की गाडी परत. २०२५ मध्ये हा भत्ता आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तो वरच्या दराचाच लागतो आणि तो सहज मिळत नाही. चालण्याच्या बाबतीत कसोटी आहे वीस मीटरची, त्यापुढे चालता येत नसेल तर. आमच्या शोरूमच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत साधारण तेवढंच अंतर आहे.

भत्त्यात न बसणारी गाडी हवी असेल तर वरून एकरकमी पैसे भरावे लागतात. त्याला अ‍ॅडव्हान्स पेमेंट म्हणतात. गाडी परत करताना हे पैसे परत मिळत नाहीत. माझ्या टेबलावरची सगळी रडारड याच आकड्यापाशी होते.

दुपारी अडीचच्या सुमाराला एक मायलेकी आल्या. आई सदुसष्ट वर्षांची, गुजराती, कार्डिगनखाली साडी, हातात प्लास्टिकची फाइल. मुलगी चौतिशीची, व्हीलचेअरवर. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं सावकाश, पण एकेक शब्द तोलून. मी सवयीने आईकडे वळून हिंदीत म्हटलं, "बोला मासी, काय मदत करू?" मुलगीच बोलली, "भत्ता माझ्या नावावर येतो. माझ्याशी बोला." तिचं बरोबर होतं. मी खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली.

जूनमध्ये बुक केलेली गाडी केव्हा येणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. जुन्या गाडीची मुदत डिसेंबरात संपत होती. मासींनी फाइलमधून कागद काढला. आमच्याच शोरूमचा, गाडीचं नाव, रंग, आणि खाली अ‍ॅडव्हान्स १,४९९ पौंड. जूनमध्ये मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले होते. माझ्या जागी बसलेल्या मुलाने ऑगस्टमध्ये नोकरी सोडली. मी त्यांचं नाव शोधलं. कोटेशन होतं. ऑर्डर नव्हती. त्याने ती पाठवलीच नव्हती.

तीच गाडी, तोच रंग, त्या दिवशीचा अ‍ॅडव्हान्स होता २,२४९ पौंड.

मी ते सांगितलं. चूक आमची आहे हेही सांगितलं. मासी कागदाकडे बघत राहिल्या. मुलगी म्हणाली, "आमच्याकडे सोळाशे आहेत. दीड वर्ष साठवलेत." मी मॅनेजरकडे गेले, भांडले म्हटलं तरी चालेल. दरपत्रक योजनेचं, शोरूम त्यात फरक करू शकत नाही, गेलेली तिमाही परत येत नाही, असं उत्तर मिळालं. तो दिलगिरी व्यक्त करायला स्वतः बाहेर आला, पण दिलगिरीने साडेसातशे पौंड भरून निघत नाहीत.

हे आकडे का चढले, ते रोज कुणीतरी मला विचारतं. कोविडनंतर चिप मिळेनात, गाड्या कमी बनल्या, तेव्हा कंपन्यांनी अशा घाऊक खरेदीवरच्या सवलती आखडल्या. नव्या गाड्यांच्या किमती वाढल्या. दुरुस्ती महागली तसा विमाही महागला, आणि इथे विमा हप्त्यातच धरलेला असतो. तीन वर्षांनी परत आलेली गाडी योजना बाजारात विकते. ती किती किमतीला जाईल या अंदाजावर आजचा हप्ता बसतो. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव कोसळले आणि तो अंदाज चुकला. या प्रत्येक कारणात तथ्य आहे. पण मासींच्या फाइलमध्ये त्यातलं एकही कारण मावत नव्हतं.

"दुसरं काय आहे ते दाखवा," मुलगी म्हणाली. सहाला शोरूम बंद होणार होतं. मी मेजरिंग टेप घेतली आणि आम्ही तिघी आवारात गेलो.

बाहेरच्या लोकांना वाटतं की शून्य अ‍ॅडव्हान्सची गाडी असतेच की, ती घ्या. असते. अशीच एक छोटी हॅचबॅक पहिल्यांदा उघडली. मागची फळी काढून घडी केलेली खुर्ची कशीबशी आत गेली. पण मुलगी गाडीत बसते ती व्हीलचेअर आणि सीटच्या मध्ये टाकलेल्या फळीवरून सरकत. खुर्चीची बैठक ५० सेंटिमीटर, या गाडीची सीट ४० वर. उतारावरून जाणं जमतं, परत येताना दहा सेंटिमीटरचा चढ. तो चढ म्हणजे मासींचा खांदा. त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि मी मध्येच थांबवलं, मला बघवेना.

मग इलेक्ट्रिक. अ‍ॅडव्हान्स अगदी थोडा, सीट योग्य उंचीची, डिकी ऐसपैस. घरी चार्जर योजनाच बसवून देते. पण त्यासाठी गाडी स्वतःच्या जागेत उभी राहायला हवी. त्यांचं घर बेलग्रेव्हमधलं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं, दार थेट फुटपाथवर उघडणारं. गाडी मिळेल तिथे लावायची, कधी दोन गल्ल्या सोडून. सार्वजनिक चार्जरची जाड केबल ओढायची कुणी? मुलीला खुर्चीतून तिथवर हात पोचत नाही आणि मासींना थंडीत रात्री ते शक्य नाही. डिकी बंद केली.

रॅम्पची व्हॅन, जिच्यात खुर्चीसकट चढता येतं, तीही मी सुचवली. ती पाच वर्षांसाठी असते आणि तिचा अ‍ॅडव्हान्स त्यांच्या सोळाशेच्या कितीतरी पुढे होता. पण मुलीचं कारण वेगळं होतं. "मागे बसून मला आईच्या डोक्याची मागची बाजू बघत जायचं नाही. ऑफिसला जाताना मी पुढे बसते. मी रस्ता सांगते." ती सिस्टनला एका छोट्या फर्ममध्ये आठवड्यातले तीन दिवस हिशेब लिहिते. बसमध्ये व्हीलचेअरला एकच जागा. तिथे बाबागाडी असेल तर पुढच्या बसची वाट.

उरली एक, त्यांनी ठरवलेल्या गाडीचीच खालची आवृत्ती. अ‍ॅडव्हान्स १,७४९. सीट जमत होती. मी डिकीच्या कडेला टेप लावली. ७६ सेंटिमीटर. आताच्या गाडीची मोजली, ७२. चार सेंटिमीटर म्हणजे किती, हे कागदावर समजत नाही. खुर्चीचं वजन १४ किलो. कामाच्या दिवशी मासी ती किमान चारदा उचलून या कडेवरून आत-बाहेर करतात.

त्यांनी उचलून बघितली. कडेपाशी अडली. पुन्हा उचलली, पुन्हा अडली. तेव्हा मी खाली वाकून चाकाकडे बघितलं. मागच्या चाकाच्या मधोमध एक बटण असतं. ते दाबलं की चाक आसासकट बाहेर निघतं. इथलं बटण आतच रुतून बसलेलं. केस, धागे, चिखल, तीन हिवाळ्यांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ. मासींना ते बटण आहे हेही ठाऊक नव्हतं, खुर्ची मिळाली तेव्हा कुणी दाखवलंच नव्हतं. मी वर्कशॉपमधून आमच्या मेकॅनिकला बोलावलं. तो गुडघ्यांवर बसला, चिमट्याने एकेक केस ओढून काढला, तेल फवारलं, अंगठ्याने दाबत राहिला.

तो काम करत होता तोवर आम्ही आत येऊन बसलो. मुलीसाठी मेकॅनिकने स्टूलवजा खुर्ची दिली होती, ती नको म्हणून ती सोफ्यावर आईला टेकून बसली. मासी सांगू लागल्या, युगांडाने आम्हा आशियाई लोकांना हाकललं आणि १९७२ मध्ये कंपालाहून इथे आलो तेव्हा मी चौदा वर्षांची. मेल्टन रोडवर फिकट निळ्या रंगाच्या तीनचाकी दिसायच्या, अपंगांसाठी सरकारी. एकच सीट. "मला वाटायचं, यात आई कुठे बसणार?" त्या सरकारी गाड्या २००३ मध्ये रस्त्यावरून काढून घेतल्या. एकच सीट असलेल्या त्या वाहनाऐवजी घरच्यांना घेऊन जाणारी खरी मोटार मिळावी, म्हणूनच ही योजना निघाली होती.

समोर सर्व्हिसिंगसाठी थांबलेला एक गृहस्थ कॉफी पीत होता. आमचं बोलणं त्याला अर्धं कळलं असावं. तो हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरं आहे, दर तीन वर्षांनी फुकटात नवी गाडी."

मी उठणार होते. मुलीने हात केला. "तुमच्या गाडीचा हप्ता किती?" तिने विचारलं. वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला, तेवढा वेळ तो थांबला हे खरं. म्हणाला, महिन्याला तीनशे दहा.

"माझा तीनशे चौतीस," ती म्हणाली. "तीन वर्षांचे बारा हजार. शिवाय आज सतराशे एकोणपन्नास. शेवटी गाडी माझी नाही."

हिशेबाला ती पक्की. तिच्या हप्त्यात विमा आणि टायर आले, त्याच्यात नाहीत, एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. तो कप ठेवून बाहेर गेला. मासी इतका वेळ गप्प होत्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "बेटा, आम्ही निघालो तेव्हा याच गावाने युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती, लेस्टरला येऊ नका म्हणून. मग मी सत्तावीस वर्षं होजिअरीच्या कारखान्यात मशीन चालवलं. कुणाचं फुकट खाल्लं नाही."

पावणेसहाला मेकॅनिक चाक हातात घेऊन आला. मासींनी स्वतः बटण दाबलं, दुसरं चाक काढलं. आता नुसता सांगाडा राहिला. तो त्यांनी उचलला आणि ७६ सेंटिमीटरवरून आत ठेवला. मी विचारलं, पावसात, काळोखात, रोज चारदा चाकं काढणं-लावणं जमेल का? मुलगी म्हणाली, "जमवावं लागेल. एकशे एकोणपन्नास माझ्या पगारातून येतील. सहाशे एकोणपन्नास येणार नाहीत." अ‍ॅडव्हान्स गाडी ताब्यात घेताना भरायचा असतो, त्यामुळे तेवढी सवड होती. पाच बावन्नला मी ऑर्डर पाठवली आणि ती गेल्याची पावती त्यांच्यासमोर छापून फाइलमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तोच आकडा बघितला. तोही वर गेला होता.

२६ नोव्हेंबरला तेव्हाच्या ब्रिटिश अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांचं बजेट आलं. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी या गाड्या योजनेतून गेल्या, त्याचा वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. माझ्या टेबलावरून तसल्या गाड्या वर्षात दोन-चारच जात. मला धसका बसला तो दुसऱ्या घोषणेचा. जुलै २०२६ पासून नव्या करारांवर अ‍ॅडव्हान्सला २० टक्के व्हॅट, आणि विम्यावरचा करही. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या व्हॅनना यातून वगळलंय, ते चांगलं झालं. पण जी पुढे बसते, जिची खुर्ची डिकीत जाते, तिला वगळलेलं नाही. सतराशे एकोणपन्नासवर २० टक्के म्हणजे साडेतीनशे पौंड. हा कर चैनीवर बसवला असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर टेप घेऊन आवारात फिरावं. वरचे पैसे लोक कशासाठी भरतात? सीट दहा सेंटिमीटर वर असावी, दार जरा जास्त उघडावं, डिकीची कड खाली असावी, यासाठी. आजार जेवढा अवघड, तेवढी गाडी मोठी लागते आणि तेवढा अ‍ॅडव्हान्स जास्त. मी हे मॅनेजरला सांगितलं, आमच्या भागाच्या खासदारांनाही लिहिलं.

गाडी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. सकाळपासून पाऊस. योजनेकडून आलेला पिन मुलीने स्वतः टाइप केला, मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवून थांबले. पैसे दोन कार्डांवरून भरले, सोळाशे आईच्या, एकशे एकोणपन्नास तिच्या. ती फळीवरून सरकून पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली आणि आईला म्हणाली, घाई करू नकोस.

मासींनी चाकं काढली, मागच्या सीटपाशी ठेवली, सांगाडा उचलला. हात ओले होते. सांगाड्याचा पाय डिकीच्या कडेला घासला आणि कोऱ्या रंगावर बोटभर चरा उठला. त्या तशाच उभ्या राहून माझ्याकडे बघू लागल्या. गाडी परत करताना याचे पैसे लागतील, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. एवढ्याने काही होत नाही, मी म्हटलं, आणि माझ्या गाडीतून सोलापुरी चादर आणली. काही वर्षांपूर्वी नाशिकहून येताना आईने बॅगेत कोंबलेली, तेव्हापासून सहलीला अंथरायची. तिची चौपदरी घडी करून मी डिकीच्या कडेवर टाकली. मासींनी सांगाडा पुन्हा उचलला, चादरीवर टेकवला आणि आत ढकलला. तो सरकत गेला.

चादर त्यांच्याच डिकीत आहे.